मोटारीवाचूनचा संसार

पुण्यासारख्या शहरात मोटारीवाचून संसार चालवणे व्यवहार्य आहे काय, असा प्रश्न अलीकडे सुशिक्षित मध्यमवर्गाच्या बैठकींतून वारंवार निघतो; आणि तो ज्या काळजीच्या सुरात विचारला जातो तो ऐकला म्हणजे, या देशातील शंभरांपैकी ब्याण्णव कुटुंबांच्या दारी मोटार नाही, ही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नोंदली गेलेली वस्तुस्थिती विचारणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसावी असे वाटते. बहुसंख्य जन जे नित्य करीतच आहेत, ते शक्य आहे की नाही याचा खल अनाठायी होय. खल व्हावयाचा तो, त्यासाठी त्यांना किती यातायात सोसावी लागते आणि त्या यातायातीची जबाबदारी कोणाची, याचा.

कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांची रचना ज्या काळी झाली त्या काळी शाळा, दवाखाना, वाण्याचे दुकान, पिठाची गिरणी ही सारी माणसाच्या पायांच्या हिशेबाने वसली, आणि १८८६ साली उभारलेली मंडईची इमारतही पेठांतील गृहिणीला पिशवी घेऊन चालत गाठता येईल अशाच जागी आली. म्हणून तेथील वृद्ध मनुष्य आजही, रस्ता ओलांडण्याचे भय सोडले तर, कोणाच्या वाहनाची वाट न पाहता आपले व्यवहार उरकू शकतो. उलट वाघोली, उंड्री, बाणेर या बाजूंना इमारती आधी आल्या, रस्ता मागाहून आला, आणि पदपथ तर कित्येक ठिकाणी आलाच नाही. बांधकामाचे परवाने देणाऱ्या दफ्तरांनी सदनिकांची संख्या मोजली, वाहनतळाच्या चौरस फुटांचा आग्रह धरला, परंतु फाटकाबाहेर पडलेल्या माणसाने बसथांब्यापर्यंत कसे जावे याची तजवीज करणे हे आपले कर्तव्य मानले नाही. अशा वस्तीतील कुटुंबाने कर्ज काढून मोटार घेतली तर मी त्याला दोष देणार नाही. ती त्याची चैन नसून, सार्वजनिक कारभाराने आपले काम टाळल्याबद्दल त्याने भरलेला दंड आहे.

उभी असलेली एक मोटार सुमारे अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब, म्हणजे जवळजवळ एकशे पस्तीस चौरस फूट, जागा अडवते. एवढी जागा सार्वजनिक रस्त्यावर दिवसरात्र विनामूल्य वापरण्याची मुभा मोटारमालकाला वहिवाटीने मिळाली आहे, आणि त्याच रस्त्याच्या कडेला पाटी मांडून भाजी विकणाऱ्या बाईला मात्र अतिक्रमण विभागाची गाडी दिसताच उठावे लागते. पुणे महापालिकेच्या सभेने २०१८ साली वाहनतळाचे धोरण मंजूर केले, निवडक रस्त्यांवर शुल्क आकारण्याचे ठरले, आणि पुढे त्याची बजावणी रखडली. या विषमतेची चीड येत नसेल तर नागरिकत्वाची आपली कल्पनाच तपासून पाहावयास हवी.

बसच्या बाबतीत तर आपण हातातली संधी घालवली. २००६ च्या अखेरीस कात्रज, स्वारगेट, हडपसर या मार्गावर बससाठी स्वतंत्र मार्गिका राखण्याचा, देशात अग्रेसर ठरावा असा प्रयोग याच शहरात झाला. पुढील वर्षी पुणे व पिंपरी-चिंचवड यांच्या परिवहन संस्था एकत्र आल्या. आणि त्याच २००६ साली केंद्राच्या नागरी परिवहन धोरणाने रस्ते वाहनांसाठी नव्हे तर माणसांसाठी आहेत असे तत्त्व मांडले होते. तीन मोटारींच्या जागेत चाळीसएक माणसे बसवून नेणाऱ्या वाहनाला रस्त्याचा एक पट्टा राखून देणे यात अन्याय काहीच नव्हता. तरीही त्या पट्ट्यांत खाजगी वाहने खुशाल घुसत राहिली, त्यांना अटकाव झाला नाही, आणि नगर रस्त्यावरील मार्गिकेचा काही भाग तर अलीकडे उखडूनच टाकण्यात आला. प्रयोग फसला असे सांगितले जाते. माझ्या मते तो फसला नाही, तो निष्ठेने कधी चालवलाच गेला नाही.

परगावच्या प्रवासाची अडचण त्या मानाने थोडी. १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावू लागली आणि १९४८ साली त्याच तारखेस पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी निघाली, तेव्हापासून हा मुलूख सार्वजनिक वाहनाने हिंडण्यास सरावलेला आहे. रात्री-अपरात्रीचे आजारपण, लग्नकार्य, सामानाची ने-आण यांसाठी भाड्याची मोटार मिळते, आणि तिचा वर्षाचा खर्च मांडून पाहिला तर हप्ता, विमा, इंधन व दुरुस्ती यांच्या बेरजेपुढे तो सहसा कमीच भरतो. अपंगांची गोष्ट मात्र निराळी. बसच्या उंच पायऱ्या चढणे ज्यांना अशक्य, त्यांच्यासाठी खाजगी वाहन ही आज खरी निकड आहे, आणि ते सोडण्याचा उपदेश त्यांना कोणी करू नये.

मेट्रो २०२२ पासून सुरू झाली हे उत्तम झाले. परंतु स्थानकातून बाहेर पडलेल्या उतारूला पुढचे दोन किलोमीटर जाण्यास रिक्षावाल्याची मनधरणी करावी लागत असेल, तर तो आज ना उद्या पुन्हा आपल्या वाहनाकडे वळणार. म्हणून प्रत्येक स्थानकापासून सभोवारच्या वस्त्यांत दर दहा मिनिटांनी सुटणारी लहान बस, रात्री उशिरापर्यंत, आणि थांब्यापासून घराच्या फाटकापर्यंत व्हीलचेअर विनासायास जाईल असा सलग पदपथ, यांची तरतूद येत्या अंदाजपत्रकात उड्डाणपुलांच्या आधी व्हावी, आणि ती झाली की नाही हे आपापल्या प्रभागाच्या नगरसेवकास प्रत्येकाने समक्ष जाऊन विचारावे.