उक्तं की रोजावर?

समुद्रकाठी घर असणे आणि समुद्रकाठचे घर उभे ठेवणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली वाडवडिलांच्या पुण्याईने मिळते, दुसरीला मिस्त्री लागतो. आणि रायगडच्या किनाऱ्यावर मिस्त्री मिळणे हल्ली मुलीला स्थळ मिळण्याहून कठीण झाले आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने श्रीवर्धनपासून अलिबागपर्यंत घरांची छपरे उडवली, तेव्हा सुताराच्या दारात रांगा लागल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसकट नेणारी बोट सुरू झाली होती. शनिवार-रविवारपुरते बंगले वाढले. या बंगल्यांपुढे लाकडी ‘डेक’ असतो.

आमच्या रेवदंड्याच्या घराला डेक नाही, माडीपुढे फळ्यांचा सज्जा आहे. वस्तू तीच. डेकवर पाहुणे बसतात, आमच्या सज्ज्यावर काकू बसते, एवढाच फरक. काकूचे वय एकोणऐंशी. घरात एकटी असते. गेल्या वर्षी श्रावणात तिच्या पायाखालची एक फळी मोडली आणि पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला. हाड शाबूत राहिले. धाकट्या भावाने मात्र फोनवरच निकाल दिला, “सज्जा पाडून टाकू आणि काकूला डोंबिवलीला आणू.”

काकू म्हणाली, “फळी मोडली म्हणून फळी बदलतात. मला कशाला बदलता?”

तेव्हा सज्ज्याचे काम हे नुसते सज्ज्याचे काम राहिले नाही.

पहिला कंत्राटदार शहराकडचा. लेसरच्या यंत्राने भिंतीवर तांबडा ठिपका पाडून त्याने मापे घेतली. सगळा सज्जा उखडून तिथे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांच्या मिश्रणाच्या फळ्या बसवायच्या, असे छापील अंदाजपत्रक आले. साठ टक्के रक्कम आगाऊ. या फळ्या वाईट असतात असे मी म्हणणार नाही. त्यांना वाळवी लागत नाही, तेलपाणी लागत नाही. पण उन्हात त्या चांगल्याच तापतात, आणि काकू आयुष्यभर अनवाणी चालत आली आहे. शिवाय त्या गृहस्थाने वरच्या फळ्या मोजल्या, खालच्या तुळया वाकून पाहिल्या नाहीत.

मग गावातला मिस्त्री आला. साठीचा माणूस. तो वर चढलाच नाही. खाली ओटीवर उभा राहून बराच वेळ वर बघत राहिला. मग शिडी लावली आणि तुळई जिथे भिंतीत शिरते तिथे पटाशीचे टोक दाबले. दोन ठिकाणी ते लोण्यात शिरावे तसे आत गेले.

“मास्तर, फळी कुजली तर पाय जातो. तुळई कुजली तर माणूस जातो.”

सहा तुळयांपैकी दोन आणि चाळीस फळ्यांपैकी अकरा गेल्या होत्या. बाकीचा साग अजून वाजवला तर खणखणत होता. “सगळ्या नको का बदलायला?” असे भावाने विचारले तेव्हा मिस्त्री हसला, “सगळ्या बदला म्हणणारा फळ्या विकायला आलेला असतो.”

यानंतर त्याने तो प्रश्न केला, जो किनाऱ्यावर प्रत्येक घरमालकाला ऐकावा लागतो, “काम उक्तं देणार की रोजावर?”

‘मिस्त्री’ हा शब्द पोर्तुगीजांचा. त्यांचा किल्ला रेवदंड्याला आहे आणि 1740 साली ते तिथून गेले. शब्द राहिला. ‘उक्तं’ हा आपला, आणि मराठी शिकवण्याच्या सवयीने मी त्याचे नाते ‘उक्त’ म्हणजे बोललेले, याच्याशी जोडतो. एकदा बोलले की ठरले. कायदाही तसेच मानतो; 1872 च्या करार कायद्याप्रमाणे तोंडी करारसुद्धा करारच असतो. अडचण एवढीच की भांडण झाले तर तो सिद्ध करायचा कसा? उक्त्या कामात मिस्त्री घाई करतो, रोजावरच्या कामात चहा वाढतो, ही जुनी तक्रार. पण जुन्या घरात उक्ते ठरवणे दोघांनाही धोक्याचे. फळी उचलल्यावर खाली काय निघेल ते कोणालाच ठाऊक नसते. म्हणून आम्ही तुळया रोजावर दिल्या आणि फळ्या उक्त्या. मी वहीच्या पानावर तसे लिहून काढले. लाकूड कोणते, खिळा कोणता, केव्हा किती पैसे. मिस्त्रीने चष्मा लावून वाचले आणि एका ठिकाणी बोट ठेवले. शेवटचा हप्ता पाऊस पडून गेल्यावर, असे मी लिहिले होते.

“पावसाला माझी ना नाही. पण पोरांची मजुरी दर शनिवारी द्यावी लागते. त्यांच्या पोटाला जून कसा सांगू?”

बरोबर होते. मजुरी दर शनिवारी आणि मिस्त्रीचा स्वतःचा हिस्सा तेवढा गणपतीपर्यंत शिल्लक, असे ठरले. सह्या झाल्या. काकूने साक्षीदार म्हणून केली.

काम मात्र दिवाळीनंतरच, असा त्याचा हट्ट. दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस प्यायलेले लाकूड सुकल्याशिवाय त्यावर नवे बसवले तर सुकताना ते आक्रसते आणि सांधे उघडतात. नवी फळी त्याने नवी आणलीच नाही. पाडलेल्या एका जुन्या घराचा साग आणला, त्यातले काय हलायचे ते कधीच हलून गेले होते.

त्याने कशाकशाकडे लक्ष दिले ते सांगतो, कोणाच्या उपयोगी पडेल. साधा लोखंडी खिळा खाऱ्या हवेत गंजतो, गंजला की फुगतो, फुगला की लाकूड चिरते आणि त्या चिरेतून पाणी आत जाते. म्हणून 316 क्रमांकाच्या स्टेनलेस पोलादाचे स्क्रू. 304 क्रमांकाचे स्वस्त पडतात, पण खाऱ्या वाऱ्यात त्यांच्यावर डाग धरतात. दोन फळ्यांत पेन्सिलीच्या निम्म्या जाडीची फट. फळीच्या कापलेल्या टोकातून लाकूड सर्वांत जास्त पाणी पिते, तेव्हा फळी बसवण्याआधीच टोकांना तेल. तुळईच्या माथ्यावर डांबरी पट्टी. आणि सज्ज्याला बाहेरच्या बाजूला किंचित उतार. हा उतार काकूला चालताना कळत नाही, पाण्याला कळतो.

सागाला काही लागत नाही, असे आपल्याकडे उगाच म्हणतात. मुंबईच्या गोदीत जमशेटजी वाडियांनी 1817 साली बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगते आहे, हे खरे. पण 1990 ते 2001 अशी अकरा वर्षे त्याची दुरुस्ती चालली होती, हेही तितकेच खरे.

मिस्त्रीने हेच निराळ्या शब्दांत सांगितले. काम संपल्यावर भाऊ त्याला म्हणाला, “आता दहा वर्षे बघायला नको ना?” मिस्त्रीने रंधा पिशवीत टाकला. “कौलं दर वर्षी शाकारता ना? मग ह्याचं का नको?”

म्हणून वहीच्या त्याच पानाखाली आणखी चार ओळी आल्या. दर कार्तिकात दोन दिवस. फळ्या घासून जवसाच्या तेलाचा हात, सैल स्क्रू आवळणे, तुळयांची टोके पटाशीने पाहणे. मे महिन्याच्या शेवटी पश्चिमेच्या बाजूला झावळ्यांची झापे बांधणे, झड आत येऊ नये म्हणून. पैसे ठरलेले, काम असो वा नसो. भावाला हे शेवटचे पटेना, “काम नसेल तर पैसे कशाचे?”

“तो येऊन बघेल त्याचे,” मी म्हटले. आम्ही मुंबईत, तो घरापासून पाच मिनिटांवर. या जूनमध्ये तो एकदा न बोलावता वर चढून गेला. काकूने फोनवर सांगितले, “बघून गेला. चहा घेतला नाही, घाईत होता.”

गणपतीत त्याचा हिस्सा दिला. डोंबिवलीचा विषय भावाने पुन्हा काढलेला नाही. तुळशीच्या लग्नानंतर मिस्त्री यायचा आहे. काकूने जवसाचे तेल आणून ठेवले आहे आणि सज्ज्यावर सुकत घातलेल्या सुपाऱ्या त्या दोन दिवसांपुरत्या खाली कुठे पसरायच्या, या काळजीत ती सध्या आहे.