गाड्या निघण्याआधीच मुलांची सोय

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या गावांतून ऊसतोडीच्या गाड्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मागे सांभाळणारे कोणी नसले की मुलेही बरोबर जातात. मग थोरली मुलगी फडात तान्ह्याला सांभाळते, मुलगा वाढे गोळा करतो, आणि शाळा सुटते ती सुटतेच.

१९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास आता बंदी आहे. घरच्या बिनधोक कामात मदत चालते, तीही शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत. पण नुसत्या कायद्याने मूल गावात राहत नाही. त्याच्या जेवणाची, झोपण्याची सोय लागते. हंगामी वसतिगृहे त्यासाठीच आहेत.

ग्रामसभेत अंदाजपत्रक मांडताना पिकासारखाच हिशेब धरा :

१) भाद्रपदातच घरोघर जाऊन मुलांची यादी करा.

२) खर्च गाड्या परत येईपर्यंतचा, म्हणजे पाच-सहा महिन्यांचा धरा. दोन वेळचे जेवण, अंथरूण-पांघरूण, औषधपाणी आणि रात्री देखरेखीला बाई.

३) तान्ह्या भावंडांना विसरू नका. त्यांची सोय झाली नाही, तर थोरलीला बरोबर न्यावेच लागते.

४) सरकारी पैसा उशिरा येईल असे समजून पहिल्या महिन्याचे धान्य गावातच जमवा.

वापसा गेल्यावर बी आणून काय उपयोग? गाड्या गेल्यावर उघडलेल्या वसतिगृहाचेही तसेच.