तोतरेपणा: मेंदूची साक्ष कुठवर मानायची?

अख्खा वर्ग एका सुरात पाढे म्हणत असतो तेव्हा तोतरा मुलगा कुठेच अडखळत नाही. बे एके बेपासून तीसच्या पाढ्यापर्यंत तो सगळ्यांच्या बरोबरीने जातो. मग बाई त्याला एकट्याला उभे करून नाव विचारतात आणि पहिल्याच अक्षरावर ओठ मिटलेले राहतात, मान ताठ होते, मागच्या बाकावर कोणीतरी खुसकन हसते. घरी आरती खणखणीत म्हणणारा हाच पोरगा फोनवर ‘हॅलो’ म्हणताना घामाघूम होतो. यावरून आईवडील आणि शिक्षक जो निष्कर्ष काढतात, तो समजण्यासारखा आहे: येते की याला! म्हणजे हा एकतर घाबरतो, नाहीतर नाटक करतो.

मेंदूचे अभ्यासक मात्र याच गोष्टीचा अगदी उलटा अर्थ लावतात. कोणता ध्वनी कधी सुरू करायचा, याची वेळ साधण्यात मेंदूच्या आतल्या बेसल गँग्लिया या भागाचा मोठा वाटा असतो. हा आतला ठेका कच्चा असेल, तर इतरांचा आवाज किंवा गाण्याची लय बाहेरून ठेका पुरवते आणि बोलणे सुटते, अशी ही मांडणी आहे. तोतरेपणाचे मूळ मेंदूत आहे, याला इतरही बरेच आधार आहेत. 1996 मध्ये पेट स्कॅन वापरून केलेल्या अभ्यासात तोतरे बोलणाऱ्यांच्या मेंदूची उजवी बाजू बोलताना प्रमाणाबाहेर सक्रिय दिसली. 2002 मध्ये डाव्या बाजूला, बोलण्याचे स्नायू हलवणाऱ्या भागाखालचे दुवे कमकुवत आढळले. पक्षाघातानंतर काही प्रौढ आयुष्यात पहिल्यांदाच अडखळू लागतात. एकसारख्या जुळ्यांमध्ये दोघेही तोतरे असण्याचे प्रमाण इतर जुळ्यांपेक्षा जास्त असते. 2010 मध्ये डेनिस ड्रेना यांच्या गटाने पाकिस्तानातील, एकाच घरात अनेक तोतरे असलेल्या कुटुंबांपासून सुरुवात करून या दोषाशी जोडलेली तीन जनुके दाखवली.

तरीही शंका घेणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही. वीस-तीस वर्षे शब्दांशी झुंजलेल्या माणसाच्या मेंदूत जो फरक दिसतो, तो तोतरेपणाचे कारण की परिणाम? उजव्या बाजूची ती धावपळ कदाचित डाव्या बाजूची उणीव भरून काढण्यासाठीच असेल. लहान मुलांच्या चाचण्यांतही डाव्या बाजूचे दुवे वेगळे दिसल्याने या आक्षेपाची धार कमी झाली आहे. पण हे फरक गटांच्या सरासरीतले आहेत. समोरच्या एका मुलाचा एमआरआय पाहून तो तोतरा आहे की नाही, हे सांगता येत नाही. त्या तीन जनुकांतले बिघाडही थोड्याच रुग्णांत सापडतात आणि त्या जनुकांचे काम पेशीतला कचरा निकालात काढण्याशी निगडित आहे. त्यातला बिघाड नेमका बोलण्यावरच का यावा, हे कोडे पुरते सुटलेले नाही.

मग मेंदूचा इतका आग्रह कशाला? याचे उत्तर मला इतिहासात सापडते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात वेंडेल जॉन्सन यांनी असे मांडले की, लहानग्याच्या साध्या अडखळण्याला आईवडील ‘तोतरेपणा’ असे नाव देतात आणि त्या धास्तीतूनच खरा तोतरेपणा जन्मतो. जॉन्सन स्वतः तोतरे होते. त्यांचा हेतू मुलांना लाजेतून सोडवण्याचा होता. पण त्यांच्याच मार्गदर्शनाखाली 1939 मध्ये डेव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातील 22 मुलांवर एक प्रयोग झाला. त्यातल्या काहींना, नीट बोलणाऱ्यांनासुद्धा, तुमचे बोलणे सदोष आहे असे सांगत राहिले. पुढच्या फेरतपासणीनुसार त्यातून तोतरेपणा निर्माण झाला नाही, मात्र मुले अबोल आणि बुजरी झाली. विद्यापीठाने 2001 मध्ये माफी मागितली आणि 2007 मध्ये राज्याने सहा जणांसाठी 9 लाख 25 हजार डॉलरची भरपाई मान्य केली. त्या सिद्धांताने इतर असंख्य घरांत आईच्या माथी जो दोष मारला, त्याची भरपाई कोणी मागितली नाही.

दुसरीकडे, ‘मेंदूतच आहे’ हे वाक्यही निरुपद्रवी नाही. आपल्याकडे मेंदूचा आजार म्हटले की स्थळे जमवताना कुजबुज सुरू होते आणि ‘आता काही होणार नाही’ म्हणत घर हात टेकते. वास्तविक अडखळू लागलेल्या मुलांपैकी सुमारे तीनचतुर्थांश पुढे नीट बोलू लागतात. प्रौढांत तोतरेपणाचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास उरते. शिवाय ज्या उपचारांचा उपयोग होतो ते बोलण्याच्या सरावाचेच आहेत. ऑस्ट्रेलियातील लिडकम पद्धतीत घरचेच मुलाच्या सुरळीत बोलण्याला दाद देतात; 2005 च्या एका चाचणीत या मुलांचे अडखळणे उपचार न मिळालेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झाले. अर्थात, उपचार सरावाचा म्हणून मूळही सवयीतच, हा तर्क कच्चा आहे. पक्षाघाताचा रुग्ण व्यायामाने चालू लागतो, म्हणून त्याचा पाय आळसाने लुळा पडला होता असे कोणी म्हणत नाही.

दोन्ही पारडी जोखता मी मेंदूच्या बाजूला झुकतो, पण एका मर्यादेपर्यंत. ही साक्ष दोष कोणाचा नाही हे सांगण्याइतकी भक्कम आहे आणि ती पालकांना पहिल्याच भेटीत, स्पष्ट शब्दांत सांगायला हवी. पुढे काय करायचे हे मात्र ती सांगत नाही. त्यासाठी एमआरआयवर खर्च करण्यापेक्षा काही साधे प्रश्न उपयोगाचे: अडखळणे वर्षाहून जास्त चालले आहे का, घरात कोणाचे मोठेपणीही टिकले आहे का, मूल मुलगा आहे का? मुलींमध्ये ते आपोआप सुटण्याचे प्रमाण जास्त असते. उत्तरे ‘होय’कडे झुकत असतील तर वाट पाहण्यात वेळ घालवू नये, नसतील तर काही महिने नजर ठेवणे पुरे, कारण वाणी उपचारतज्ज्ञ तालुक्याच्या गावी सहज मिळत नाहीत. जिभेवर वेखंड उगाळून लावणे मात्र थांबवलेलेच बरे.

कायद्यात हा वाद वेगळ्याच वळणावर येतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषा दिव्यांगत्वासाठी कारण शारीरिक किंवा मज्जासंस्थेचे आणि स्थिती कायमस्वरूपी असावी लागते. पहिली अट तोतरेपणा बहुधा पार करील. दुसरी अवघड आहे, कारण तपासणीच्या दिवशी माणूस सुरळीतही बोलू शकतो, आणि प्रमाणपत्र देणाऱ्यांनी गैरवापराची काळजी करणे चूक म्हणता येणार नाही. पण तोंडी परीक्षेत चार-पाच मिनिटे जास्त द्यायला किंवा हजेरीला नुसता हात वर केलेला चालवून घ्यायला शाळेला कोणत्या प्रमाणपत्राची गरज आहे, हे मला कळत नाही.