पाहुणा, पाणी आणि घरमालक

पुण्याच्या पेठांत घरमालकाच्याच बिऱ्हाडात खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याचा खटका भाड्यावरून क्वचितच उडतो; तो उडतो गावाहून आलेल्या भावाच्या मुक्कामावरून, बादलीभर पाण्यावरून, सामाईक मीटरच्या बिलावरून. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने भाडेकरूचे पाणी वा वीज सबळ कारणावाचून तोडण्यास मालकास मनाई केली आहे. परंतु मालक स्वतः राहतो त्या जागेचा भाग ज्यास वापरावयास मिळतो, तो या कायद्याच्या लेखी ‘पेइंग गेस्ट’, भाडेकरू नव्हे. ज्याचा नळ मालकाच्या हाताशी सर्वांत जवळ, नेमका तोच संरक्षणाबाहेर! आपल्या उंबऱ्याआत रात्री कोणी राहावे, हे ठरविण्याचा मालकाचा हक्क कोणी नाकारीत नाही. परंतु परीक्षेच्या आदल्या रात्री मेन स्विच बंद करणे ही त्या हक्काची बजावणी कशी म्हणावी? पाहुण्याचे दिवस आणि बिलातील वाटा खोली देतानाच कागदावर यावयास हवा.