म्हणे, माझं पात्रच तसं आहे!

दिवाळीच्या सुट्टीत चंद्रपूरला आम्ही पाच मित्र ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायला बसलो. सगळ्यांनी मिळून मिळवलेला खजिना एकाच्या चोराने गुपचूप लांबवला. तक्रार झाली, तर उत्तर आलं, “माझं पात्रच तसं आहे.” मतं घेतली. चार विरुद्ध एक. मीही त्या चौघांत होतो. तक्रार करणारा दुसऱ्या दिवशी आलाच नाही.

“नियमात कुठे लिहिलंय?” हा आम्हा इंजिनिअरांचा आवडता बचाव. पण १९७४ साली आलेल्या या खेळात खेळाडूंनी एकमेकांना हरवायचं नसतंच. मग चोराने जिंकलं काय? फासा कुणाची बाजू घेत नाही हे खरं. पण सोबत्याला लुटायचं की नाही, हे फासा नाही, आपण ठरवतो.

आणि बहुमत म्हणजे न्याय नव्हे. शेजारच्या गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावची ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. एकाचा विरोध असला तरी चर्चा चालू राहते. ‘अशाने कामं व्हायची कशी?’ म्हणणाऱ्यांनी पाहावं: याच गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकारही ग्रामसभेकडे आला.

जंगलाबाबत अख्ख्या गावाला जे जमतं, ते एका सतरंजीवर बसलेल्या पाच मित्रांना जमू नये?

पुढच्या सुट्टीत आधी त्या मित्राला फोन करीन. तो ‘हो’ म्हणेपर्यंत फासे डब्यातच राहतील.