राणीच्या बागेत आपण काय पाहिले?

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या पालकमंडळींची व विद्यार्थ्यांची सहल नंदीग्राम एक्स्प्रेसने मुंबईस गेली. भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजेच वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, पाऊल टाकताच सर्वांच्या मुखी एकच प्रश्न होता, 'पेंग्विन कुठे आहेत?' २०१७ पासून तेथे पेंग्विन पाहावयास मिळतात, आणि मुलांना त्यांचे कौतुक वाटावे यात नवल नाही. परंतु १८६२ साली लोकांसाठी खुली झालेली ही बाग मुळात वनस्पतींची आहे, हे किती जणांच्या ध्यानी आले?

बेला भागातील एक शेतकरी पालक मात्र एका अवाढव्य वृक्षापाशी थबकले. खोडाला त्यांची कव पुरेना. आणखी दोघांनी हात जोडले, तरी पुरेना. "गुरुजी, हे झाड कोणतं?" त्यांनी विचारले. वर्गात वृक्षवेलींच्या कविता शिकविणारा मी निरुत्तर झालो! शेवटी माळीदादांनी सांगितले, "गोरखचिंच. मूळची आफ्रिकेची."

बागेलगतचे वस्तुसंग्रहालय डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. ते पेडणे महालातील मांद्र्याचे. माझी मायबोली कोकणी असल्यामुळे मला त्याचा अंमळ अभिमान वाटला, हे कबूल करतो. ती जीर्ण वास्तू कसबी कारागिरांनी पूर्ववत केली आणि २००५ साली युनेस्कोने त्या कामाचा गौरव केला. वास्तू अशी पुन्हा उभी करता येते; दीडशे वर्षांचा वृक्ष तोडला तर कोणता कारागीर तो उभारून देणार? २००७ च्या सुमारास बागेच्या नूतनीकरणाची मोठी योजना पुढे आली, तेव्हा जुन्या वृक्षांच्या काळजीने मुंबईतील काही महिलांनी पुढाकार घेऊन समिती स्थापन केली. त्या झाडांना नावानिशी ओळखत होत्या, म्हणूनच त्यांना भांडता आले. ज्याचे नावही ठाऊक नाही, त्याच्यासाठी कोण भांडतो?

म्हणून माझे मत असे की, सहलीची तयारी घरूनच व्हावी. आपल्या आदिलाबादच्या गांधी पार्कातील झाडांची नावे मराठी, तेलुगू व गोंडी या तिन्ही भाषांत लिहून आणण्यास मी नववीच्या वर्गाला सांगितले आहे. पहिल्या वहीत 'कडुनिंब, वेप' इतके लिहिलेले आहे. गोंडी नावाची जागा मोकळी आहे; ते आजीला विचारून येतो, असे तो मुलगा म्हणाला.