आभाळाचा जामीन शेतकऱ्याने का राहावे?

मुरारच्या माल रोडवरून सकाळी फिरावयास जाणाऱ्या आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल, की तेथील एका कचेरीतून देशातील परवान्याच्या अफूशेतीचा सारा कारभार चालतो. केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचे हे मुख्यालय 1960 मध्ये सिमल्याहून ग्वाल्हेरीस आले. ज्या मंदसौर-नीमच टापूत ही शेती प्रामुख्याने होते, तो एके काळी शिंदे सरकारच्या राज्यातलाच मुलूख. माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जात असे आणि कंपनी सरकारलाही ती पुरती आवरता आली नाही. अखेर 1830 च्या सुमारास वाहतुकीवर पासाची फी बसवून त्यांनी समाधान मानले. त्या काळी त्या मुलखातील महसुलाच्या वह्या मोडीत लिहिणारे हात आपल्याच घराण्यांतले होते. तेव्हा हा प्रश्न परका म्हणून सोडून देता येण्याजोगा नाही.

प्रश्न असा : निसर्गाने केलेल्या नुकसानीची शिक्षा शेतकऱ्याने का भोगावी?

2023-24 च्या हंगामात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश मिळून सुमारे 1 लाख 12 हजार शेतकरी परवान्यास पात्र ठरले. एकेकाच्या वाट्यास येते ती जमीन साधारणतः 10 आर, म्हणजे आपल्या जुन्या हिशेबाने जेमतेम दहा गुंठे. एवढ्याशा तुकड्यावर शेतकरी जी मेहनत घेतो ती पाहिल्याशिवाय कळत नाही. नोकरीनिमित्त मंदसौर जिल्ह्यात काढलेल्या दोन हिवाळ्यांत मी ती जवळून पाहिली आहे. ऑक्टोबरच्या अखेरीपासून पेरणी. मग विरळणी, खुरपणी आणि पाण्याच्या पाळ्या. माघ-फाल्गुनात पांढरी फुले येतात, पाकळ्या गळतात आणि बोंडे धरतात. त्या बोंडांना दुपारी चिरा द्यावयाचा, रात्रभर चीक पाझरू द्यावयाचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो खरवडून घ्यावयाचा. एकाच बोंडाला असे तीन-चार वेळा. या दिवसांत सारे घर शेतावरच निजते.

आणि नेमके याच दिवसांत आभाळ भरून येते. थंड, दमट, ढगाळ हवा पडली की पानांच्या खालच्या बाजूस करडी बुरशी चढते, पाने वाकडी होतात, दांडा मुरडतो. माळव्यात तिला 'काली मस्सी' म्हणतात. महाराष्ट्रातील द्राक्षबागांना छळणाऱ्या केवड्याचीच ही भाऊबंद. तिच्यातून वाचले तर भुरी, मुळकूज आणि बोंडात शिरणारी घाटेअळी आहेच. नीलगाई एका रात्रीत ताटवा तुडवून जातात. पोपटांना बोंडांची अशी चटक लागते, की शेतावर जाळी अंथरावी लागते. पाणी दिल्यावर वारा सुटला तर उभे पीक आडवे होते. चिरा दिल्यावर रात्री पावसाची सर आली, तर त्या दिवसाचा चीक धुऊन गेलाच म्हणून समजावे. 2014 आणि 2015 या दोन्ही वर्षांच्या वसंतातील गारपीट कोणी विसरले नसेल.

आता कायद्याकडे वळू. पूर्वी दर हेक्टरी अमुक किलो अफू घातली नाही तर पुढील वर्षीचा परवाना जात असे. 2018-19 च्या सुमारास वजनाच्या जागी मॉर्फिनची कसोटी आली. प्रथम हेक्टरी 5.9 किलो मॉर्फिन मागण्यात आले, पुढे ही मर्यादा 4.2 किलोवर उतरली. दहा गुंठ्यांच्या धन्याने म्हणजे 420 ग्रॅम मॉर्फिन भरावयाचे. गंमत अशी, की मॉर्फिन शेतकऱ्याला दिसत नाही, त्याच्या तराजूत मोजता येत नाही. त्याचा निकाल सरकारी कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागतो. ज्या गोष्टीचे मोजमाप करण्याचे साधन माणसाच्या हाती नाही, तिच्यावर त्याचे पोट टांगून ठेवणे याला न्याय म्हणवत नाही.

यावर जाणते लोक सांगतात की मर्यादा नसेल तर अफू चोरवाटेने जाईल. सरकारी भाव आणि काळ्या बाजारातील भाव यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. खरे आहे. चोरी होते हे मी नाकारत नाही, आणि चोराविषयी मला कणव नाही. पण चोरासाठी 1985 च्या कायद्याचे कलम 19 आहे. त्यात परवानाधारकाने अफूचा अपहार केल्यास 10 ते 20 वर्षांची सक्तमजुरी सांगितली आहे. त्या कलमाखाली पुरावा लागतो. मर्यादेच्या नियमाला पुरावा लागत नाही, एवढाच त्याचा सोयीस्करपणा! जो चोर आहे तो मर्यादेपुरता माल भरून उरलेला विकतो. ज्याच्या शेतात केवडा शिरला, तो प्रामाणिक माणूस मात्र यादीतून गळतो.

पीक बिघडल्यास खात्यासमक्ष ते उखडून टाकण्याची मुभा आहे, असेही सांगितले जाते. ती आहे, पण त्यालाही वर्षांची मर्यादा, आणि उखडायचे ते सगळेच. अर्धे पीक हाती लागेल अशी आशा असलेल्या शेतकऱ्याने फेब्रुवारीतच चार महिन्यांची मेहनत नांगराखाली घालावी की जुगार खेळावा? बहुतेक जण जुगार खेळतात. मीही खेळलो असतो.

आणि गारपीट काही एकाच्या शेतापुरती पडत नाही. ती शिवारावर पडते. गावचा लंबरदार प्रत्येक शेतकऱ्याच्या रोजच्या चिकाची नोंद ठेवतो. तहसिलीत पर्जन्यमापकाची वही असते. ज्या दिवशी साऱ्या गावाचे वजन एकदम खाली आले, त्या दिवशी पाऊस होता की नव्हता, हे दोन वह्या शेजारी ठेवून एक साधा कारकून अर्ध्या तासात सांगू शकेल. सारे गाव खाली आले आणि एकटाच माणूस त्याहूनही फार खाली राहिला, तर त्याची खुशाल चौकशी करावी. शेतकऱ्याची तुलना त्याच्या शेजाऱ्याशी व्हावी, दूर बसून ठरविलेल्या आकड्याशी नव्हे, एवढीच मागणी आहे. मी महसूल खात्यात उमर घालविली. पीकपाहणी, पैसेवारी आम्ही याच तत्त्वावर करीत आलो. नार्कोटिक्सच्या वहीत ते तत्त्व का मावू नये?

2021-22 पासून काहींना चिरा न देता बोंडे सुकवून जशीच्या तशी सरकारात भरण्याचे परवाने मिळू लागले आहेत. तुर्कस्तान, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया येथे हीच रीत आहे. चिऱ्याच्या दिवसांतील पावसाचे भय तिने कमी होते आणि खसखस शेतकऱ्याकडेच राहते. परंतु हा परवाना ज्यांचे मॉर्फिन 4.2 किलोच्या खाली राहिले त्यांना दिला गेल्यामुळे गावात त्याची गणना बढतीत न होता बदनामीत झाली. चांगली सुधारणा शिक्षेच्या वेष्टनात गुंडाळून दिली की तिचे असेच व्हायचे.

दरवर्षीचे धोरण पेरणीच्या तोंडावर जाहीर होते. त्याआधी, पावसाळ्यातच, मागील हंगामाचे गाववार उतारे आणि पर्जन्याचे आकडे ताडून पाहण्याचे कलम त्यात घालता येईल. कागदपत्रे सारी सरकारचीच आहेत, आणि अर्ज पोहोचवावयाचा पत्ताही आपल्या गावातलाच, मुरारचा आहे.